टोमॅटोच्या आधी ख्यालीखुशाली

लेकीकडे टांझानियात, दार-ए-सलामला आल्यापासून भाजी आणायचं खातं माझ्याकडे आहे. उपांगातल्या तिच्या घरापासून किसुतूची मंडई चालत जाण्याजोगी. नारळ, भेंडी, कढीपत्ता, कोथिंबीर, सगळं मिळतं. अडचण मालाची नाही, माझी आहे. उभा जन्म पुण्यात गेलेला. दुकानात शिरायचं, वस्तूचं नाव घ्यायचं, दुकानदाराने मान वर न करता 'नाही' म्हणायचं, विषय संपला. इथं आल्या आल्या भाव विचारला, तर भाजीवालीने असं पाहिलं, जणू मी चपला घालून तिच्या देवघरात शिरलोय.

आधी 'हबारी' व्हायला हवी. सकाळची खबर काय, घरची काय, कामाची काय. (निवृत्त माणसाने कामाची खबर कुठून आणावी?) उत्तर सगळ्याला एकच, 'न्झुरी'. म्हणजे उत्तम. कंबर धरलेली असो, जावई रुसलेला असो, आधी न्झुरी. मग हेच सगळं आपण तिला विचारायचं. तोवर शर्ट पाठीला चिकटतो. घामाच्या बाबतीत हे शहर मुंबईला घरी बसवेल.

एकदा एका पोरसवदा विक्रेत्याने मला 'शिकामो' घातला. हा खास वडीलधाऱ्यांना घालायचा नमस्कार. आपण 'मराहबा' म्हणून तो ऐटीत स्वीकारायचा. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच म्हातारं नव्हतं. आदल्या रात्रीचा कलप पाण्यात गेला.

एवढं झाल्यावर टोमॅटो. ते वाट्यावर. खाली चार, वर एक, असा मनोरा रचलेला आणि भाव अख्ख्या मनोऱ्याचा. वरचा लालबुंद, बाकीचे त्याच्या पुण्याईवर खपतात. 'हजार' ऐकून काळजात धस्स होतं. इथली मोठ्यात मोठी नोट 10 हजारांची आहे हे आठवेपर्यंत घासाघिशीची वेळ टळून जाते. 1 जून 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. माझी कापडी पिशवी कायम खांद्याला, त्यामुळे तेवढ्या एका विषयात मी पहिल्या नंबराने पास.

परतताना बजाजी. आपल्या आकुर्डीवाल्यांची रिक्षा, तिचं इथलं नावच ते. पण मीटर नाही. भाडं आधी ठरवायचं, आणि भाडं ठरवायच्या आधी अर्थातच सकाळची खबर, घरची खबर.

बायकोला यातलं काहीच जड गेलं नाही. पहिल्याच फेरीत तिने भाजीवालीला चक्क मराठीत विचारलं, "काय गं, पोरं शाळेत गेली का?" तिनेही स्वाहिलीत सविस्तर सांगितलं. दोघींचं बराच वेळ चाललं होतं. मी पिशवी धरून उभा. शेवटी मनोऱ्यावर वर म्हणून चार मिरच्या आणि एक लिंबू पडलं. हल्ली मी एकटा गेलो की भाजीवाली आधी माझ्या खांद्यावरून मागे बघते. ही आलेली नाही याची खात्री झाली की हातातलं लिंबू टोपलीत परत ठेवते आणि मला विचारते, "हबारी?"