प्राण्यांची संख्या कोण तपासतं?
एका लेखात म्हटलंय की भारतात प्राण्यांवरच्या प्रयोगांना कुणी विचारत नाही. हे चूक आहे. प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली अशा प्रयोगांसाठी 1998 चे नियम आहेत. साध्या उंदरावरचा प्रयोगही संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. समितीत पशुवैद्यक, बाहेरचा शास्त्रज्ञ आणि विज्ञानक्षेत्राबाहेरची व्यक्ती लागतेच.

खरी गोची आहे ती फॉर्म बी मधल्या, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीसाठीच्या अर्जातल्या, प्राण्यांच्या संख्येत. ‘प्रत्येक गटात 6’ असं सवयीनं लिहिलं जातं. गटांमधला अपेक्षित फरक किती, मोजमापं किती मागेपुढे होतात, यावरून ती संख्या काढायला हवी. कमी प्राणी घेतले तर निष्कर्षच निघत नाही आणि सगळे फुकट मरतात. जास्त घेण्याइतकंच हे वाईट. समितीत संख्याशास्त्रज्ञ सक्तीचा नाही. तो करायलाच हवा.