मिलोची भाकरी थापून बघा एकदा
'रोख पैसे दिले की लोक उडवतात, धान्यच पाठवा' हे भुकेल्यांना मदत कशी करावी यावरच्या लेखातलं वाक्य काय पटलं नाही बुवा. १९७२ च्या दुष्काळात आमची आजी मंगळवेढ्याकडं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तेव्हा अमेरिकेतून आलेली लाल मिलो (तिकडची ज्वारी) मिळायची, जीव वाचला हे खरंच, पण मालदांडी म्हणजे आपली पांढरी ज्वारी खाणाऱ्याला त्या पिठाची भाकरी थापताच येईना, कडा चिरायच्या, तव्यावर टाकताना तुकडे, शेवटी कण्या शिजवून खाल्ल्या म्हणे.

आता संयुक्त राष्ट्रांचे जागतिक अन्न कार्यक्रमवालेच (२०२० चं शांततेचं नोबेल यांनाच) बऱ्याच ठिकाणी रोख नाहीतर व्हाउचर देतात, म्हणजे तिथल्याच शेतकऱ्याचा माल खपतो. बाजारच बंद असेल तर धान्याची पोती लागणारच, ते मान्य. पण उडवतात काय? आजी कामावर खायला मिळालेली सुकडीसुद्धा (पौष्टिक पिठाचा खाऊ) पदराला बांधून पोरांसाठी घरी आणायची.