‘कुठलाही फोटो चालतो’ म्हणे!

एक मेसेज अधूनमधून फिरत असतो: ‘मुलाचं पोर्ट्रेट करून घ्यायचंय? टेन्शन नको! मोबाइलमधला कुठलाही हसरा, लख्ख, समोरून काढलेला फोटो पाठवा. सेल्फीही चालेल. बाकीचं आर्टिस्ट बघून घेतो.’ बाकीचं बघून घेणाऱ्यांपैकी मी एक. तेव्हा उत्तर देणं आलं.

‘सेल्फीही चालेल.’ नाही चालत. सेल्फीत मोबाइल चेहऱ्यापासून हातभरही लांब नसतो. समजा, नाकाचा शेंडा ३० सेंटिमीटरवर आहे आणि कान ४० वर. म्हणजे कानाच्या मानाने नाक एक तृतीयांशाने मोठं दिसणार. तोच फोटो २ मीटरवरून काढा, हा फरक जेमतेम ५ टक्क्यांवर येतो. चार पावलं मागे जा आणि मग झूम करा, एवढंच.

‘समोरून काढलेला.’ आईवडील ज्याला समोरून म्हणतात तो बहुतेक वेळा वरून असतो. आपण उभे, पोर खाली. मग कपाळ फुगतं, हनुवटी आत जाते, मान दिसतच नाही. मुळात लहान मुलाचे डोळे डोक्याच्या मध्यावर नसतात, मध्याच्या खाली असतात. मोठ्या माणसाचे मध्यावर. वरून काढलेल्या फोटोत ते आणखी खाली गेल्यासारखे वाटतात. आता यातलं पोराचं किती आणि कॅमेऱ्याचं किती, हे मी कसं ठरवू? एकदा ठरवलं होतं. डोळे जरासे वर घेतले, हनुवटी भरली. चित्र न्यायला आलेल्या आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “छान काढलंय हो, पण हा आमचा बाळ नव्हे. हा त्याचा काका.” मग त्याच्या आईला सांगितलं, फरशीवर मांडी घालून बसा, मोबाइल त्याच्या डोळ्यांच्या रेषेत धरा. नव्या फोटोवरून चित्र पुन्हा केलं. पहिला कॅनव्हास अजून माझ्याकडे पडून आहे.

‘लख्ख’ म्हणजे फ्लॅश मारलेला, हे आता मला पाठ झालंय. समोरून फ्लॅश पडला की गालाचा गोलवा, नाकाची बाजू, खालच्या ओठाखालची सावली, सगळं सपाट होतं. चेहरा भाकरीसारखा. रूप सावलीतून उठतं. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र आठवा, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, हातात दिवा घेतलेल्या तरुणीचं. उजेड त्या एका दिव्याचा, ज्योतीपुढे आडोशाला धरलेल्या हाताची बोटं लालसर झालेली. घरी एवढी तयारी नको. दिवे बंद करा, पोराला खिडकीशी जरा तिरकं बसवा, ऊन थेट तोंडावर नको. दोन्ही डोळ्यांत खिडकीचा बारीक चौकोन दिसला की समजा, जमलं.

‘हसरा.’ हे अर्धं मान्य. पण ‘चीज’ म्हणवून घेतलेलं हसू चित्रात दोन दिवसांत शिळं होतं. दात एकेक करून रंगवले तर मक्याचं कणीस दिसतं, न रंगवावे तर तोंडात पांढरी पट्टी. हसू ओसरतानाचा फोटो बघा. ओठ मिटत आलेले असतात, डोळ्यांत मात्र ते उरलेलं असतं. समोरचे दात पडलेले असतील तर खुशाल दाखवा, ती फट वर्षभरात बुजते.

आणि ‘बाकीचं आर्टिस्ट बघून घेतो.’ व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ब्यूटी मोड बंद ठेवा. त्याने गालावरचा तीळ पुसला तर तो होता हे मला कोण सांगणार? ‘हसू या फोटोतलं, केस त्या फोटोतले’ असंही नको. एकात उजेड डावीकडून, दुसऱ्यात उजवीकडून. जोडकाम लपत नाही. रंग ताडून बघायला जादा फोटो जरूर द्या, चित्र मात्र एकाच फोटोवरून.

एका ठिकाणी तो मेसेज खरा आहे. जिथे दुसरा फोटो आता काढताच येणार नाही, तिथे कुठलाही चालतो. एका काकूंनी पाकिटातून मुलीचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो काढून दिला होता. पासपोर्टएवढा, डाव्या गालावर शाळेचा जांभळा शिक्का. शिक्क्याखालचा गाल मी उजव्या गालावरून बेतत होतो. सहज विचारलं, “दोन्ही सारखेच होते ना?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “इथे खळी पडायची.”