घरदार विसरून?

गावाकडे कुणी कार्यकर्ता वारला की फ्लेक्सवर एक ओळ ठरलेली असते: ‘घरदार विसरून समाजासाठी झिजले.’ यंदा आमच्या मंडळाच्या ग्रुपवर वाद उलट्या बाजूने पेटला. गेलेला गृहस्थ वर्षानुवर्षं अपघातात सापडलेल्यांना वर काढायला दोर-स्ट्रेचर घेऊन दरीत उतरणारा. पण मुलींच्या परीक्षा असल्या की त्याचं नाव यादीतून बाहेर, आणि हे तो आधीच सांगून ठेवायचा. त्यावरून काहींनी ठरवलं, ‘समाजसेवक’ शब्द नको, ‘सवडीचा कार्यकर्ता’ लिहा. संसारी माणूस होता म्हणे!

वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. मी राहतो त्या इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये अशा संसारी माणसांच्या नावाने दर १९ डिसेंबरला रात्री ८ ते ९ एका अख्ख्या गावाची नाताळची रोषणाई मंदावते. गाव माऊझल. १९८१ साली त्या रात्री ‘युनियन स्टार’ नावाचं मालवाहू जहाज पहिल्याच सफरीवर इंधनात समुद्राचं पाणी शिरून बंद पडलं आणि खडकांकडे वाहू लागलं. जहाजावर ८ माणसं, त्यांत कप्तानाची बायको आणि तिच्या दोन मुली. नौदलाचं हेलिकॉप्टर आलं, पण झोके खाणाऱ्या डोलकाठीमुळे दोर खाली सोडता येईना. मग जवळच्या पेन्ली ठाण्याची लाकडी लाइफबोट, म्हणजे संकटातल्या जहाजांच्या मदतीला किनाऱ्यावरून जाणारी बोट, ‘सॉलोमन ब्राऊन’ निघाली. बोटीवर ८ स्वयंसेवक. चौघांना उचलल्याचा बिनतारी संदेश आला, उरलेल्यांसाठी बोट पुन्हा वळली आणि नंतर काहीच ऐकू आलं नाही. दोन्हीकडची मिळून १६ माणसं गेली.

त्या आठ स्वयंसेवकांतला चार्ली ग्रीनहॉ शिप इन या पबचा मालक. दोनच दिवसांपूर्वी गावची रोषणाई त्याच्याच हातून सुरू झाली होती. दुर्घटनेनंतर दिवे बंद झाले. ते पुन्हा लावा, असं सांगणारी त्याची बायको मेरी होती. आता याला सवडीचा म्हणायचं का?

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती निघतानाची गोष्ट. बोटीचा प्रमुख ट्रेव्हेलियन रिचर्ड्‌स. नायजेल ब्रॉकमन बोटीवर चढलेला होता, त्याचा १७ वर्षांचा मुलगा नीलही तयारीनिशी हजर होता. रिचर्ड्‌सने नीलला परत पाठवलं. अशा रात्री एका घरातून एकच माणूस. वादळ दारात असताना या माणसाने आधी घरं मोजली. बाप परतला नाही. नील पुढे त्याच पेन्लीच्या लाइफबोटीचा प्रमुख झाला.

या लाइफबोटी चालवणारी संस्था १८२४ पासूनची, बहुतेक सगळे स्वयंसेवक: सुतार, शिक्षिका, दुकानदार. कमरेला पेजर असतो. तो वाजला की हातातली इस्त्री तशीच टाकून काही मिनिटांत ठाण्यावर पोचायचं. म्हणजे ड्युटीच्या दिवशी लांब जायचं नाही, दारू घ्यायची नाही, मुलांना शाळेतून कोण आणणार हे आधी ठरवायचं, आणि मालकाची कामावरून उठायची परवानगीही आधीच काढायची. बोटीवर जीव गेलाच, तर मागे राहिलेल्यांना संस्था पेन्शन देते. घरदार विसरून चालणारी ही व्यवस्थाच नाही.

आपल्याकडे माणसं कमी पडतात असं मुळीच नाही. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली, तेव्हा महाबळेश्वर-पोलादपूरचे ट्रेकर पावसात खाली उतरलेच. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ या बचाव पथकातलेही असेच, पोटापाण्याचं सांभाळून येणारे. कमी पडतो तो मागचा हिशेब. आमच्या ग्रुपने फ्लेक्सच्या मजकुरावर दोन दिवस घालवले, तेवढ्यात पुढचं पाहून झालं असतं. अपघात विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत गिर्यारोहण वगळलेलं असतं, तेव्हा ते कलम वाचून वेगळं कव्हर घ्यायला हवं. दोर कधी घेतला, किती वेळा वापरला, एकदा तरी जोराचा झटका बसला का, याची वही हवी. झटका बसलेला दोर बाहेरून नवा दिसतो, आतून गेलेला असतो. तो बाद करायचा, मंडपाला बांधायलासुद्धा ठेवायचा नाही, कारण मंडपाचा दोर पुढच्या पावसाळ्यात हमखास परत दरीत उतरतो. आपला काळा कातळ कडेला सुरीसारखा असतो. भाराखालचा दोर त्यावर आडवा घासला की आवरण फाटून आतले धागे उघडे पडतात, म्हणून कडेला जाड कॅनव्हास किंवा फायर होजचा चिरलेला तुकडा घालायचाच. स्ट्रेचर वर घेताना एक दोर भाराचा, दुसरा राखीव, आणि राखीव दोराचा आधार वेगळ्या जागी. दोन्ही एकाच झाडाला बांधले तर राखीव कसला? आणि यादी करताना एका घरातले दोन भाऊ एका दोरावर नकोत.

तुलना मी सोयीची करतोय, हे मान्य. दोनशे वर्षं जुनी संस्था, लोक मृत्युपत्रात तिच्या नावाने पैसे ठेवून जातात. समोर आमचं पावतीपुस्तकावर चालणारं मंडळ. शिवाय इथेही मी फक्त डब्यात नाणी टाकणारा. पेजर कधी मागितला नाही. १९ डिसेंबरला बंदरावर उभा राहतो तेव्हा आजूबाजूच्यांना नावं पाठ असतात, मला पाटी वाचावी लागते. आणि तिकडच्या दरीतही मी कधी दोर धरला नाही. दोन्हीकडे वर्गणीदार.

तरी फ्लेक्सवर काय लिहायचं हे ग्रुपवर एकदा विचारलंत म्हणून सांगतो: ‘दोन मुलींचा बाप’ हे आधी लिहा, दरीचं त्याखाली. वर्गणी पाठवली आहे. त्यातून ११ मिलिमीटरचे दोन दोर घ्या, आणि एक वही.