दाजी, आधी वास घ्या!

बिअर पिणं सोपं. बिअर चाखणं हे वेगळंच प्रकरण आहे, आणि ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. आमच्याकडे चकण्यावर अर्धा तास चर्चा होते. बिअरबद्दल 'गार आहे ना?' एवढंच.

म्युनिकला स्थायिक झालेल्या माझ्या मेहुण्याला हे चालत नाही. आम्ही बॅगाही उघडल्या नव्हत्या, तोवर त्याने टेबलावर आव्हेंटिनुसची बाटली ठेवली. श्नायडरवाल्यांची ही गव्हाची कडक बिअर 1907 पासूनची. साध्या गव्हाच्या बिअरमध्ये पाच-साडेपाच टक्के अल्कोहोल, हिच्यात 8.2. नाव एका जुन्या बव्हेरियन इतिहासकाराचं. (आपल्याकडे असं नाव ठेवलं तर दुसऱ्याच दिवशी मोर्चा निघेल.)

ओतण्याआधी प्रवचन. बव्हेरियात 1516 साली नियम झाला, बिअरमध्ये जव, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच घालायचं. गव्हाला बंदी. पुढे गव्हाच्या बिअरचा मक्ता खुद्द राजघराण्याने घेतला. नियम रयतेला, सवलत सरकारला; हा भाग मला न समजावता कळला.

मग उंच, कमरेत बारीक असा ग्लास गार पाण्याने विसळून, तिरका धरून ओतणं सुरू झालं. तळाशी थोडी उरली तेव्हा त्याने बाटली गोल गोल फिरवली, गाळ हलवला आणि तोही ग्लासात घातला. घरी ताकाचा गाळ मी बेसिनमध्ये ओततो.

"दाजी, आधी वास घ्या."

घेतला. नाकाला फेस लागला.

"काय येतंय?"

"बिअर."

"नीट घ्या हो!"

"...केळं?"

मेहुणा उडालाच. केळं यात कुणी घालत नाही, ते काम यीस्टचं. पिकल्या केळ्याला ज्या आयसोअमाइल असिटेटचा वास असतो, तेच इथं यीस्ट तयार करतं. मागून लवंग येते, तीही यीस्टचीच करामत.

"म्हणजे लवंग घातलेलं शिकरण," मी म्हणालो.

त्याने हे मोबाइलमध्ये टिपून घेतलं. "आणि फिनिश?"

"अजून संपलीय कुठे?"

आपल्याकडची स्ट्राँग बिअर पहिल्या घोटालाच कडूपणाने सावध करते. ही गोड बोलत आत शिरते. अर्धा ग्लास झाला आणि माझी जीभ आपोआप विद्वान झाली. मनुका सापडल्या. खजूर सापडला. जरा करपलेला गूळ, भाकरीचा पापुद्रा, आणि "मागे कुठेतरी सुंठ" असंही मी बोलून गेलो. मेहुणा भराभर टिपत होता. मला थांबावंसं वाटेना.

बायको इतका वेळ लिंबू सरबत पीत शांत बसली होती.

"अरे, लिहितोस काय त्यांचं?" ती भावाला म्हणाली. "आमटीत मीठ नाही हे घरी यांना मी सांगते."