पोकरचं कुठलं पुस्तक घेऊ?

गेले काही महिने इनबॉक्समध्ये हा एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, दादा पोकर नीट शिकायचंय, पुस्तक सांग. आधी हे कोणी विचारायचं नाही कारण मोबाइलवर ॲप होतं, छोट्या टेबलवर बसून आपटत आपटत लोक शिकायचे. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, स्किलचा असो की नशिबाचा, सगळे एकाच फटक्यात. आता उरलं काय तर पणजीला मांडवीत उभी असलेली कसिनोची जहाजं, नाहीतर मित्राच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या चिप्स घेऊन शनिवारची रात्र. लाइव्ह टेबलवर तासाला पंचवीस-तीस हँड (डाव) मिळाले तरी खूप झाले, त्यामुळे खेळून खेळून शिकायला आयुष्य जाईल. म्हणजे पुस्तक घ्यायचा विचार बरोबरच आहे. पण लोक निवडतात कसे तर ऑनलाइन दुकानात चार-साडेचार स्टार बघून, आणि तिथे दर दुसऱ्या पुस्तकाला कोणीतरी बायबल म्हटलेलंच असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. स्टार बघू नका, दोन गोष्टी बघा. हे पुस्तक नेमक्या कुठल्या खेळासाठी लिहिलंय आणि कुठल्या साली लिहिलंय. आणि मग मधलं कुठलंही पान उघडून बघा की लेखक नुसतं 'इथे फोल्ड करा (पत्ते टाकून द्या), इथे रेझ करा (बेट वाढवा)' सांगतोय का 'का' ते पण सांगतोय. नुसती उत्तरं असतील तर परत शेल्फवर. 21 अपेक्षित घोकून पेपरला बसल्यासारखं होतं ते, प्रश्न जरा फिरवून आला की संपलं.

साल का महत्त्वाचं ते सांगतो. 2003 मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीचा अकाउंटंट (आडनाव खरंच तेच आहे) ऑनलाइन 86 डॉलरची सॅटेलाइट (मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळवून देणारी छोटी स्पर्धा) जिंकून लास वेगासला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला पोचला आणि 25 लाख डॉलर घेऊन घरी गेला. त्यानंतर जो पूर आला त्यात पुस्तकंही ढिगाने आली, जो टीव्हीवर दिसला त्याचं पुस्तक. आणि त्या वेळच्या बऱ्याच पुस्तकांतला होल्डेम (हातात दोन पत्ते आणि बोर्डवर सगळ्यांचे मिळून पाच, हा पोकरचा सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार) हा लिमिट होल्डेम आहे, जो आता आपल्याकडे शोधून सापडणार नाही. एड मिलरचं 2004 चं 'स्मॉल स्टेक्स होल्डेम' घ्या, अप्रतिम पुस्तक, पण लिमिटचं. लिमिटमध्ये बेटची रक्कम ठरलेली असते, समोरचा अख्खा स्टॅक (पुढ्यातल्या सगळ्या चिप्स) पुढे ढकलूच शकत नाही, त्यामुळे पॉट (मधला पैशांचा ढीग) मोठा झाला की ड्रॉ (अजून पुरा न झालेला हात) घेऊन शेवटच्या पत्त्यापर्यंत जाणं बऱ्याचदा बरोबर असतं. हाच सल्ला घेऊन नो-लिमिटच्या टेबलवर बसलात तर रात्री अकराच्या आत जहाजाच्या डेकवर वारा खात उभे असाल. चूक पुस्तकाची नाही, कव्हरवर होल्डेम एवढंच वाचून घेतलं त्याची.

मग जुनं सगळं भंगारात का, तर अजिबात नाही. डेव्हिड स्क्लान्स्कीचं 'द थिअरी ऑफ पोकर' 1987 चं आहे, उदाहरणं बरीचशी स्टड, ड्रॉ, रॅझ अशा पोकरच्या दुसऱ्या प्रकारांची, नो-लिमिट होल्डेम नावापुरताच, आणि भाषा तर इतकी कोरडी की झोप न येणाऱ्यांनी रात्री घ्यावं. तरी मी पहिलं पुस्तक हेच सांगतो. कारण त्यात विचार कसा करायचा ते आहे. समोरच्याचे पत्ते उघडे दिसत असते तर तुम्ही जे केलं असतं त्यापेक्षा वेगळं काही केलंत की फायदा त्याचा, या एका गोष्टीवर पूर्ण पुस्तक उभं आहे. एक साधं उदाहरण करून बघा, कागद घ्या. तुमच्या हातात बदामचा एक्का आणि नव्वी, बोर्डवर चार पत्ते आलेत त्यात दोन बदाम, शेवटचा पत्ता यायचाय, अजून एक बदाम आला की पाच बदामांचा फ्लश. पॉटमध्ये 600, समोरच्याने 300 टाकले. म्हणजे 900 जिंकायला तुम्हाला 300 घालायचेत, तर चारातून एकदा तरी जिंकायला हवं, 25 टक्के. न दिसलेले पत्ते 46, त्यात बदाम 9, म्हणजे साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास (एक्क्याची जोडी लागून जिंकाल हा भाग सोडून देऊ). कमी पडतंय. मग फोल्ड? थांबा. बदाम आलाच तर शेवटच्या बेटिंगला समोरचा अजून सरासरी 333 देणार असेल तर कॉल (समोरच्याएवढेच पैसे घालून डावात राहणं) बरोबरीत सुटतो, त्याहून जास्त देणार असेल तर फायद्याचा. आता प्रश्न पत्त्यांचा राहिलाच नाही, समोर बसलेला माणूस तिसरा बदाम बघूनही पैसे देणारा आहे का आणि त्याच्यापुढे तेवढ्या चिप्स उरल्यात का, हा झाला. हे 1987 ला खरं होतं आणि आजही तसंच खरं आहे.

डॉयल ब्रन्सनचं 'सुपर/सिस्टम' मात्र मी शिकायला म्हणून घ्या असं नाही म्हणणार. माणूस दंतकथा, 1976 आणि 1977 असा लागोपाठ दोनदा मेन इव्हेंट जिंकला आणि दोन्ही वेळा शेवटच्या हँडला हातात दश्शी-दुर्री, अजूनही त्या पत्त्यांना त्याचंच नाव आहे. आक्रमक खेळा, समोरच्याला सतत निर्णय घ्यायला लावा, हे त्याने सगळ्यांच्या आधी छापून टाकलं. पण जाडजूड पुस्तकातला बराचसा भाग दुसऱ्यांनी लिहिलेला, ड्रॉ, लोबॉल, सेव्हन-कार्ड स्टड वगैरेवरचा. गोव्यात कोण खेळतं लोबॉल? इतिहास म्हणून मजेत वाचा, नो-लिमिटचा भाग तर वाचाच, पण लायब्ररीतून किंवा कोणाकडून मागून.

टूर्नामेंटवाल्यांना सगळे 'हॅरिंग्टन ऑन होल्डेम' सांगतात. डॅन हॅरिंग्टन 1995 चा चॅम्पियन, 2003 ला तिसरा आणि 2004 ला चौथा आला, म्हणजे आधी शेकडो, मग हजारो खेळाडूंच्या गर्दीतून दोनदा लागोपाठ फायनल टेबल. पहिला भाग 2004 चा. यातलं एम चं गणित सोन्यासारखं आहे, तुमचा स्टॅक भागिले एका फेरीला ब्लाइंड आणि अँटीत (पत्ते खेळायच्या आधीच टाकायचे सक्तीचे पैसे) जाणारी रक्कम. 6000 चिप्स आहेत आणि फेरीला 1000 जातायत तर एम 6, फार थांबायला वेळ नाही. हे शिका. पण सुरुवातीला कुठले पत्ते खेळायचे आणि किती रेझ करायचं याचे त्यातले आकडे आता जुने झालेत, तेव्हा बिग ब्लाइंडच्या तिप्पट-चौपट रेझ सर्रास चालायचं, आज टूर्नामेंटमध्ये दुप्पट-अडीचपट टाकतात. आणि 2004 ला आवळून खेळणाऱ्याला लोक पैसे द्यायचे, आता समोरच्यानेही तेच पुस्तक वाचलेलं असतं.

मग येतं गणितवाल्यांचं, बिल चेन आणि जेरॉड अँकनमन यांचं 'द मॅथेमॅटिक्स ऑफ पोकर', 2006. इंजिनिअर मंडळी हे उत्साहाने मागवतात आणि चाळीसाव्या पानाला ठेवून देतात. ठेवू नका, समीकरणं सोडा पण त्यातले छोटे छोटे खेळ करून बघा. त्यातलाच एक थोडा सोपा करून सांगतो. गड्डीतून फक्त एक्का, राजा, राणी काढा, दोघांना एक-एक पत्ता, मध्ये 100 रुपये. पहिला एकतर 100 टाकेल नाहीतर गप्प बसेल, दुसरा कॉल करेल किंवा टाकून देईल. एक्का असला की पहिला टाकणारच. पण फक्त एक्क्यावरच टाकत राहिला तर राजावाला कधीच कॉल करणार नाही, आणि राणीवर दरवेळी बंडल मारली तर तो दरवेळी कॉल करेल. बरोबर उत्तर म्हणजे राणी आली की निम्म्या वेळा बंडल मारायची, मग दर तीन बेटमध्ये दोन खऱ्या आणि एक खोटी पडते, आणि राजावाल्याला कॉल केला काय न केला काय, सारखंच. बंडल धाडस म्हणून मारायची नसते, तिचं प्रमाण असतं आणि ते बेटच्या आकारावरून निघतं. बायकोबरोबर किंवा भावाबरोबर अर्धा तास हा खेळून बघा, बंडल या विषयावरचे कित्येक व्हिडिओ बघायची गरज राहणार नाही.

2015 नंतर सॉल्व्हर (अचूक खेळ काढून देणारे कॉम्प्युटर प्रोग्रॅम) आले, 2017 च्या जानेवारीत पिट्सबर्गला लिब्राटस नावाच्या प्रोग्रॅमने चार तगड्या प्रोंना 1,20,000 हँडमध्ये धुतलं, आणि तिथून पुस्तकांचा चेहराच बदलला. मायकेल असेव्हेडोचं 2019 चं 'मॉडर्न पोकर थिअरी' त्यातलं नावाजलेलं. मान्य, भारी आहे. पण नवशिक्याने पहिलं म्हणून घेऊ नये असं माझं ठाम मत, तक्ते, टक्के, अजून तक्ते, आणि ते सगळं समोरचाही जवळपास परफेक्ट खेळतोय असं धरून. आपल्या शनिवारच्या टेबलवर काका प्रत्येक हँडला कॉल करतात, त्यांच्यासमोर खऱ्या-खोट्या बेटचा बॅलन्स कशाला सांभाळायचा? अशा टेबलसाठी त्याच एड मिलरचं 2015 चं 'द कोर्स' जास्त कामाचं, छोट्या लाइव्ह नो-लिमिट गेममध्ये लोक कुठे कुठे पैसे सांडतात हाच त्याचा विषय.

डोकं फिरतं त्यावर जॅरेड टेंडलरचं 'द मेंटल गेम ऑफ पोकर' वाचा, 2011 चं. टिल्टचे (डोकं फिरून वाटेल तसं खेळण्याचे) प्रकार पाडलेत त्याने, आणि 'माझ्याच बाबतीत असं का होतं' हाही त्यातला एक प्रकार आहे हे वाचून आमच्या ग्रुपमधले दोघेजण बराच वेळ गप्प होते. चेहरा वाचायच्या पुस्तकांना मात्र फार भुलू नका, आधी बेटचा आकार वाचायला शिका. आणि पोकरपटूंनी लिहिलेली 'आयुष्यात निर्णय कसे घ्यावेत' छापाची पुस्तकं, वाचा, छान आहेत, खेळ सुधारायला घेऊ नका एवढंच.

अजून एक, जे या पुस्तकांत आपल्याकडच्या हिशोबाने सापडणार नाही कारण ती सगळी परदेशातली. तुमच्या टेबलवर रेक (टेबल चालवणारा पॉटमधून काढतो तो वाटा) किती कापतात ते बसायच्या आधी विचारा, छोट्या गेममध्ये बारीक फायद्याचे कॉल त्यातच खाऊन जातात. आणि आपल्याकडे पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर आहे, त्यातून हरलेले वजा करता येत नाहीत. पुस्तकातला 'तासाला एवढे डॉलर' वाला हिशोब जशाच्या तसा डोक्यात घेऊन नोकरी सोडायची भाषा करणारे मला इनबॉक्समध्ये भेटलेत, त्यांनी हा परिच्छेद परत वाचावा.

तर एकच घ्यायचं असेल तर स्क्लान्स्की. दोन घेणार असाल तर त्याबरोबर द कोर्स, आणि टूर्नामेंटच खेळणार असाल तर त्याऐवजी हॅरिंग्टनचे पहिले दोन भाग. हॅरिंग्टन माझ्याकडे आहे, पुण्यात कोणाला हवा असेल तर घेऊन जा, पण रेझच्या आकड्यांवर मी पेनाने काट मारून बाजूला नवे लिहिलेत, ते खोडायचे नाहीत, आणि पुस्तक परत आणून द्यायचं. स्क्लान्स्की मागू नका, तो ज्याने नेलाय तो गेलं वर्षभर माझा फोन उचलत नाहीये.