दोर बांधला म्हणजे झाड हव्या त्याच बाजूला पडते, हे खरे नाही

शेंड्याला दोर बांधून दोघांनी ओढावे आणि तिसऱ्याने मागून करवत चालवावी, म्हणजे कितीही मोठे झाड हव्या त्याच बाजूला पडते व नवख्यालाही ते जमते, असा सल्ला सध्या फिरत आहे. तो धोकादायक आहे.

झाड कुठे पडेल हे खोडाचा कल, फांद्यांचा भार, वारा आणि बुंध्यात न कापता राखलेली लाकडाची पट्टी यांवर ठरते. पाडायच्या बाजूला आधी व्यासाच्या साधारण पाव भागापर्यंत खाच घेतात, मग विरुद्ध बाजूने खाचेच्या तळापेक्षा किंचित वर काप देतात आणि मध्ये व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी पट्टी शिल्लक ठेवतात. हीच पट्टी दाराच्या बिजागरीसारखी झाडाला वळवते. खाच न घेता मागूनच कापत गेल्यास पुढे कललेले खोड उभे चिरून कापणाऱ्याच्या अंगावर उसळू शकते, आणि पट्टीच कापली गेली तर दोर असूनही झाड भलतीकडे फिरते.

दोर वापरणे चूक नव्हे. मात्र ओढणारा झाडाच्या उंचीहून बराच दूर हवा, आणि सल्ल्यात नेमके हेच नाही. इतरांनी किमान दुप्पट उंचीइतके अंतर राखावे. कापणाऱ्याची पळवाट मागे तिरकी व आधीच मोकळी केलेली असावी. पोकळ, वाळलेले किंवा वीजतारांजवळचे झाड नवख्याने हाती घेऊच नये.

झाड स्वतःच्या आवारातले असले, तरी महाराष्ट्रातील शहरांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार पूर्वपरवानगी लागते.